समासातली नावं

बाई, मागच्या महिन्यात तुमच्यावर एक लेख छापून आला. तुम्ही जाऊन बावीस वर्षं होतील आणि हा पहिलाच. त्यात तुम्हाला 'उपेक्षित विदुषी' म्हटलंय. तुम्ही असतात तर तेवढं वाचूनच चष्मा काढून ठेवला असतात आणि चहाचं आधण ठेवायला उठला असतात. लिहिणारी मुलगी आर्वीची आहे, तिशीतली, तिथल्याच कॉलेजात मराठी शिकवते. आपल्या वर्ध्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात रद्दीत द्यायला काढलेल्या गठ्ठ्यात तुमच्या प्रबंधाची टाइप केलेली प्रत तिच्या हाती लागली आणि मग तिनं त्या प्रतीचा पिच्छा सोडला नाही. वर्ध्यात बसून सातशे वर्षांपूर्वीची इटालियन कविता मराठीत आणणारी बाई आपल्याला ठाऊकच कशी नव्हती, असं ती विचारते. आता जो तो तो लेख मोबाइलवर पुढं पाठवतोय. ज्यांनी स्टाफरूममध्ये तुम्हाला 'इटालियनवाल्या बाई' म्हणून हिणवलं, तेसुद्धा 'आमचा फार घरोबा होता' असं लिहू लागलेत. शनिवारी कॉलेजात चर्चासत्र आहे. तुमची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायचं आहे.

लेख चांगला आहे, बाई. पण एका वाक्यापाशी मी अडले. ती म्हणते, तुमच्या भाषांतरातले शब्द कुठल्या कोशात मिळत नाहीत, ते तुम्हाला एकटीला, आपल्या खोलीत बसून सुचले, ती निखळ प्रतिभेची झेप आहे. सगळे त्याच वाक्यावर खूश आहेत. ते वाक्य तुम्हाला अजिबात आवडलं नसतं. ते खरंही नाही, आणि ते का खरं नाही हे आज जिवंत माणसांत फक्त मला ठाऊक आहे, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत धरून चालले होते.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात उजेडाची खिडकी एकच, ती स्वयंपाकघरात. म्हणून टेबल तिथं. काचबिंदूनं तुमची नजर तेव्हाच कडेकडेनं जायला लागली होती. इटालियन शब्दकोश तिखटाच्या आणि धण्याच्या डब्यांमध्ये उभा असायचा, आणि त्याची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. आश्रमात काही महिने राहून गेलेली एक इटालियन बाई तो कोश आणि कवितांचं एक जाड पुस्तक तुमच्याकडे ठेवून गेली होती. तुम्ही रोज सायकलवर तिच्याकडे जायचात, तिला मराठी शिकवायचात, तिच्याकडून इटालियन शिकायचात. हे तुम्ही मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं, जणू काही शेजारणीकडून लोणच्याची कृती आणली होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेय, आणि समोरची ही बाई एका हातानं भाकरी उलटतेय आणि दुसऱ्या हातानं मला पान उलटायला सांगतेय.

त्या कवींनी काय केलं हे तुम्ही वर्गात कधीच सांगितलं नाहीत, तिथंच सांगितलंत. त्या काळी शिकलेली माणसं लॅटिनमध्ये लिहायची. ह्या लोकांनी लॅटिन बाजूला ठेवली आणि घरात, बाजारात बोलतात त्या भाषेत प्रेमाच्या नि मरणाच्या कविता लिहिल्या. "ते बाजारात उतरले," तुम्ही म्हणालात, "आणि मी कोशात डोकं घालून बसू?" म्हणून बाजाराच्या दिवशी तुम्ही वही घेऊन भाजीवाल्या बायांमध्ये जाऊन बसायचात. ओळ वाचून दाखवायची नाही. ओळीतली गोष्ट सांगायची. अमुक एक बाई आहे, तिचं असं असं झालं, आता तिच्या मनाची जी गत आहे तिला तुमच्याकडं काय म्हणता? बाया आधी हसायच्या. "हे मास्तरीनबाई पिसाटली वाटते," असं एकीनं तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि तुम्ही तेही लिहून घेतलंत. मग हळूहळू त्या सांगायला लागल्या. शब्द मिळाला की तुम्ही समासात टीप लिहायचात: कुणी दिला, तिचं पूर्ण नाव, गाव, त्या वेळी हातात काय काम होतं. त्या टिपा हाच प्रबंधाचा कणा होता. हे तुमचंच वाक्य आहे.

त्या बायांमध्ये तिसरी की चौथी माझी आई बसायची. सावंगीच्या अलीकडे आमचं तीन एकर होतं, वांगी, मेथी, पालक, सांबार. आता तिथं मेडिकलच्या मुलांची होस्टेलं आहेत. आई पहाटे पाला खुडून टोपल्यात भरायची आणि बाजाराला जायची. मी कॉलेजात सांगितलं होतं की आमची शेती आहे. तेवढंच. मैत्रिणींबरोबर बाजारातून जायची वेळ आली तर मी भांड्यांच्या दुकानांच्या बाजूनं जायचे. लहानपणी मी आईला 'माय' म्हणायचे, कॉलेजात गेल्यावर 'आई' म्हणायला लागले. तिनं तेही काही न बोलता चालवून घेतलं. तुम्हाला ती वर्षभर शब्द देत होती आणि मी तुमच्या टेबलाशी बसून ते वाचत होते, पण ही माझी आई, असं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिनंच सांगितलं असणार, कारण एक दिवस तुम्ही टेबलावरची जुडी दाखवून मला विचारलंत, हे काय आहे. मी म्हटलं, कोथिंबीर. तुम्ही चष्मा वर केलात. "तुझी आई तर सांबार म्हणते. तू भाषा आईकडून घेतलीस की रेडिओवरून?" तुम्ही पुन्हा पुस्तकात डोकं घातलंत, पण मी ते बोलणं कित्येक दिवस चघळत राहिले, आणि मला तुमचा राग आला होता हे आज सांगून टाकते.

'वाफसा'ची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या कवितेत एक बाई खूप रडते, मग उठते, तोंड धुते आणि दारात येऊन उभी राहते. कवीचं नाव कुणाला ठाऊक नाही. उठल्यानंतरच्या तिच्या मनासाठी जो शब्द होता त्याला कोश म्हणायचा 'शांत', 'सावध', 'निवलेली'. तुम्हाला एकही पटेना. त्या दिवशी तुमचे डोळे दुखत होते म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत. मी नाही कशी म्हणणार? आई मेथीच्या जुड्या बांधतेय, सुतळीचं एक टोक दातात. तुम्ही टोपल्यासमोर उकिडव्या बसून तिला सगळी हकीकत सांगता. आई ऐकते, जुडी बाजूला ठेवते. "वाफसा आला म्हना न तिले," ती म्हणते. "पानी पडून गेल्यावर जमिनीले येते तसा. ओली बी नाई, सुकी बी नाई. आता पेरलं तं उगवते." तुम्ही तिचा हात धरलात, मातीचा, पाल्याचा ओला हात, आणि बराच वेळ सोडला नाहीत. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या वांग्यांकडे पाहत होते.

प्रबंध पूर्ण झाला तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि तुम्हाला वहीतलं बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून टायपिस्टला द्यायची स्वच्छ प्रत मी करायची ठरलं. टायपिंगचं दुकान कॉलेजसमोर होतं आणि आमच्या वर्गातली पोरं दिवसभर तिथं टवाळक्या करत बसलेली असत. टाइप होताना ती आईचं नाव वाचणार, गाव वाचणार, 'मेथीच्या जुड्या बांधताना' हे वाचणार. मग विभागप्रमुख वाचणार, ज्यांच्या हातात माझी पुढची नोकरी होती. मी आधी फक्त आईच्या टिपा गाळल्या. पण तिच्या तेवढ्या गाळल्या तर कळणार, म्हणून मग सगळ्याच गाळल्या. बावीस बायांची नावं होती, बाई. मला वाटलं, कवितेत काही फरक पडत नाही, शब्द तर आहेतच ना. हे वाटलं खरं, पण ते खोटं आहे हे तेव्हाही माहीत होतं, कारण तपासायला तुम्हाला वाचून दाखवताना मी काय केलं ते मला आठवतं. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत, डोळे मिटून ऐकत होतात. माझ्या मांडीवर माझी प्रत, आणि तिच्याखाली तुमची वही. मी मजकूर प्रतीतून वाचला आणि टिपा वहीतून. एकेक नाव मोठ्यानं, सावकाश वाचलं. तुम्ही खूश होतात. "बघ, कशा एका रांगेत बसल्या सगळ्या," असं म्हणालात.

प्रबंध परत आला. परीक्षकांचा शेरा होता की भाषांतर धाडसी आहे, पण शब्दांच्या निवडीला कुठलाही आधार दिलेला नाही. 'वाफसा' हा शेतीतला शब्द प्रेमकवितेत घेण्याचं समर्थन काय? मी तो शेरा तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही विचारलंत, "टिपा नीट उतरवल्या होत्यास ना?" मी म्हटलं, "हो, बाई." तुम्ही मान हलवलीत. पुढच्या आठवड्यात मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. दुसऱ्यांदा प्रबंध दिलाही नाहीत. दोन महिन्यांनी मला विभागात नोकरी लागली आणि तुम्ही मला एक शाईचं पेन दिलंत. मी ते अजून वापरते. तुम्ही निवृत्त होईपर्यंत आपण एकाच स्टाफरूममध्ये बसलो, आणि तुम्हाला पीएच.डी. नाही म्हणून तुमच्या आधी मी वरच्या जागेवर गेले. त्या दिवशीसुद्धा पेढा तुम्हीच आधी उचललात.

शेवटच्या वर्षी तुम्ही मला बोलावून कापडी पिशवी दिलीत, अठरा वह्यांची. तोवर तुम्हाला माणसं फक्त सावल्यांसारखी दिसत होती. "तुझं अक्षर चांगलं आहे," तुम्ही म्हणालात. "सवड झाली तर पुन्हा एकदा प्रत कर." मी म्हटलं, करते. मला वाटलं, म्हातारपणाची हौस आहे. पिशवी घरी नेऊन लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. सवड न व्हायला बावीस वर्षं पुरली. निवृत्त होऊनही मला तीन वर्षं झाली, आणि निवृत्त माणसाला सवड नसते हे कोण ऐकून घेईल?

मंगळवारी आर्वीची मुलगी माझ्याकडे आली, एसटीनं, प्रबंधाची झेरॉक्स छातीशी धरून. पोह्यांची बशी तिनं बाजूलाच ठेवली. "मॅडम, तुम्ही तर रोज त्यांच्याकडे जायचात. बाईंना हे शब्द सुचायचे कसे?" पिशवी तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती. मी म्हटलं, "प्रतिभा होती त्यांची." ती लिहून घेत होती. तिच्या त्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहताना मला कळलं की हे मी पुन्हा एकदा केलं, आणि या वेळी टायपिंगच्या दुकानातली पोरं नव्हती, विभागप्रमुख नव्हते, कुणीसुद्धा नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती गेल्यावर मी आईपाशी जाऊन बसले. आई आता माझ्याकडे असते, ऐंशीच्या पुढं. शेत गेलं तरी सांबार विकत आणलं की ते निवडायचं काम तिचंच. मी तिला सगळं सांगितलं. टिपा गाळल्याचं, वाचून दाखवताना फसवल्याचं, आणि का, तेही. तिनं काड्या वेगळ्या करणं थांबवलं नाही.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "बाई आल्त्या न माह्यापाशी बाजारात. तू तवा नागपूरले गेलती, नोकरीचे कागदं घेऊन."

मी तिच्याजवळ सरकले.

"लय रागात होत्या. ते टाइप केलेलं जाडं पुस्तक आनलं होतं अन् एक भिंग. म्हने, पाहा, तुमचं नाव कुठंच नाई. कोनाचंच नाई. मले काय वाचता येते? पन मी समजली. मी म्हनलं, बाई, पोरगी लाजली असन. आमच्यापायी लाजली असन."

"मग?"

"मंग काय. म्हने, म्या दुबारा देतो, सारे नावं टाकून देतो. पन कोनं गाळले ते सांगा लागन म्हने कालेजातल्या सायबाले. मी म्हनलं, तिची नोकरी लागून राह्यली बाई, आता काई बोलू नका. तुमचं तं पुस्तक हाय, माही पोरगी हाय." आईनं एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं. "घडीभर बसल्या तिथंच, खाली. मंग मेथीची जुडी घेतली अन् गेल्या."

"माय," मी म्हटलं, "काऊन नाई सांगतलं मले?"

"तू कधी पुसलं?"

तर हे असं आहे, बाई. माझ्या त्या 'हो, बाई' नंतर तुम्ही भिंग घेऊन बसला असाल त्या एकाच खिडकीशी, आणि पानापानावर कोरा समास पाहिला असाल. तुम्ही चिडलात हे ऐकून मला बरं वाटलं, खरंच. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला कळलंच नाही, किंवा कळलं तरी तुम्ही देवमाणूस म्हणून सोडून दिलंत. तसं नव्हतं. तुम्ही रागानं बाजारात गेलात आणि एका भाजीवाल्या बाईनं तुमचं सगळं काम तुमच्याकडून मागून घेतलं, आणि तुम्ही ते दिलंत. माझी नोकरी, माझं हे घर, हे कपाट, सगळं तुमच्या त्या कोऱ्या समासावर उभं आहे. आणि 'पुन्हा एकदा प्रत कर' हा तुमचा निरोप मी हौस समजले.

बुधवारी मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, अठरा वह्या आहेत, आणि टिपा बाईंनी सोडल्या नव्हत्या, मी गाळल्या. का गाळल्या तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "मॅडम, मग तर माझा लेखच चुकला." मी म्हटलं, लेख नाही चुकला, फक्त खोलीत बाई एकटी नव्हती. तिनं विचारलं, शनिवारी तुम्ही टिपा वाचाल का, सगळ्या, नावांसकट? बाकीच्या बायांपैकी कुणाची लेकरं, नातवंडं सापडतात का ते ती शोधतेय; दोघींची सापडली आहेत. आईला विचारलं, येतेस का. "मी कायले येऊ," म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "खुर्ची असन न बसाले?" नवं लुगडं काढून ठेवलंय तिनं.

हे पत्र टाकायचं कुठं, ते काही मला ठाऊक नाही. तुमच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. शनिवारचा सराव मात्र रोज सकाळी चाललाय, स्वयंपाकघरात, उभ्यानं. शब्द, मग नाव, मग गाव, मग हातातलं काम. एकवीस बाया मी नीट, खणखणीत वाचते. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. 'वाफसा' आला की पुढच्या नावापाशी माझा आवाज अजून खाली जातो. एकसष्टाव्या वर्षी. मी मुद्दाम करत नाही, तो जातोच. काल आई सांबार निवडता निवडता आतून म्हणाली, "जोरानं वाच न, मले आयकू नाई येत." तिला ऐकू अगदी चांगलं येतं.